अध्यापकाच्या हाती किल्ल्या
(तात्यापारा, रायपूर येथे मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे निमित्त प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या मंडळाच्या परिवारातील एका प्राध्यापकांना त्यांच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकाराल काय, अशी विचारणा झाली आहे. ते येथेच बसले आहेत. म्हणून त्यांचे नाव आम्ही घेत नाही, आणि आपणही मान वळवून पाहू नये. त्यांच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, एवढा मान चालून आला आहे तो नाकारू नये. दुसरा म्हणाला, सुखाचा जीव दुःखात का घालावा; तुम्ही शिकवणारे, तुम्हांला ही कारकुनी कशाला? चहाच्या वेळी तेथे गेलेल्या आमच्या एका मित्राने तिसरेच मत दिले. त्यांच्या मते प्राध्यापकाने शिकवावे आणि महाविद्यालय चालविण्यासाठी एखादा अनुभवी अधिकारी नेमावा. ज्याचे काम त्याने करावे.

हे तिसरे मत आमच्याच ज्ञातीचे, म्हणजे अधिकारी ज्ञातीचे आहे. आम्ही स्वतः केवळ बी. ए. आहोत आणि केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा विभागात केस पांढरे केले आहेत. तेव्हा या मताला आम्ही दुजोरा द्यावा, अशी अपेक्षा होती. आम्ही तो दिला नाही. का दिला नाही, हे सांगण्यासाठी उभे आहोत.

प्राध्यापकाने संस्था चालवावी ही कल्पना आपणां मराठी माणसांना परकी नाही. ती आपण एकदा मोठ्या हिमतीने करून पाहिलेली आहे. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले, हा इतिहास आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी ही नावे आपण उत्सवात घेतो. परंतु त्या संस्थेचा कारभार कोणत्या रीतीने चालत असे, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आमच्या धंद्यामुळे आम्हांस नेमके तेच पाहण्याची खोड आहे.

रीत अशी होती. वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन देणारे अध्यापक हे आजीव सभासद. वर्गात शिकविणार तेच, मुख्याध्यापक व प्राचार्य त्यांच्यातलेच आणि सोसायटीचा चिटणीसही त्यांच्यातलाच. पगाराविषयीचे तत्त्व समानतेचे. पुढे जो आकडा सर्वतोमुखी झाला तो महिना पंचाहत्तर रुपयांचा. सोबत तीन हजार रुपयांचा आयुर्विमा. सरकारी कॉलेजातील गोऱ्या प्राध्यापकाचा पगार याच्या कितीतरी पट असे. म्हणजे प्राचार्याच्या खुर्चीत बसल्याने घरच्या चुलीवर अधिक काही शिजत नसे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ती बढती नव्हती, पाळी होती.

पहिली पाळी वामन शिवराम आपटे यांची आली. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव कोशामुळे माहीत असते. तो संस्कृत–इंग्रजी कोश १८९० साली प्रसिद्ध झाला. त्या सालाकडे आपण लक्ष द्यावे. तेव्हा ते प्राचार्य होते, वर्गात संस्कृत शिकवीत होते आणि त्याच साली सोसायटीतील अंतर्गत वाद विकोपाला गेला होता. एका हाताने शब्दांचे अर्थ लावावयाचे आणि दुसऱ्या हाताने सहकाऱ्यांच्या बोलण्यांचे! यांपैकी कोणते काम अधिक कठीण होते, हे सांगावयास ते फार दिवस राहिले नाहीत. १८९२ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. जन्म १८५८ चा. वय चौतीस.

दुसरी पाळी गोपाळ गणेश आगरकरांची. दमा त्यांच्या पाचवीला पुजलेला. ‘सुधारक’ पत्र १८८८ पासून चालू होते आणि त्यापायी समाजाचा रोषही चालू होता. अशा प्रकृतीच्या आणि अशा लौकिकाच्या माणसाकडे त्या मंडळींनी कॉलेजच्या किल्ल्या दिल्या, याचे आम्हांस अजून नवल वाटते. आपल्या एखाद्या आजच्या संस्थेच्या कार्यकारिणीत हा ठराव आला असता तर सूचक मिळाला असता, अनुमोदक मिळणे कठीण होते. आगरकर जून १८९५ मध्ये गेले. वय अडतीस संपून एकोणचाळिसावे चालू होते.

दहा वर्षांत दोन प्राचार्य, आणि दोघेही चाळिशीच्या आत. त्या प्राध्यापकांच्या घरचा जो पक्ष ‘सुखाचा जीव दुःखात का’ असे म्हणतो, त्याला आम्ही हसत नाही. त्याच्या बाजूने इतका सबळ पुरावा इतिहासातच आहे. केवळ प्राचार्यपदाने ते गेले असे कोणीही म्हणणार नाही. पण त्या पदाने त्यांना विसावा दिला नाही, हेही तितकेच खरे.

आता त्या वादाविषयी दोन शब्द, कारण आपला प्रश्न त्याच्या पोटातच आहे. टिळकांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, आजीव सभासदाने आपला सर्व वेळ व सर्व शक्ती संस्थेला द्यावी, वेतन सर्वांचे सारखे असावे आणि बाहेर कमाई होत असेल तर ती संस्थेच्या निधीत जावी. इतरांना हे फार कठोर वाटले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा हा मुद्दा ऐरणीवर आला. अखेर १८९० च्या डिसेंबरात टिळक सोसायटीतून बाहेर पडले. फर्ग्युसनमधील गणिताच्या अध्यापनाला त्यांची उणीव भासू लागली. मुंबईत शिकविणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांना बोलावणे गेले आणि १८९१ साली ते गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

पुढची गंमत पाहा. हेच कर्वे १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढतात, तो हिंगण्याला नेऊन वाढवितात आणि फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवीत राहतात, १९१४ पर्यंत. म्हणजे ज्या तत्त्वासाठी टिळक बाहेर पडले, त्याच्या अगदी विरुद्ध आचरण त्यांच्या मागून आलेल्या माणसाने केले आणि त्यातून १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर टिळकांचे म्हणणे आम्हां लेखापरीक्षकांना पटण्यासारखे आहे. पूर्ण वेळेचा मोबदला घेणाऱ्याने पूर्ण वेळ द्यावा, यात चूक ती काय? परंतु फळ पाहिले तर कर्व्यांना अडविले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येऊन आपत्ती नोंदविणारा हात थबकतो. आमच्या मते त्या संस्थेचे शहाणपण यात दिसते की, कोण प्राचार्य व्हावयाचा आणि कोणाला मोकळे सोडावयाचे हे तिने माणूस पाहून ठरविले. कर्वे प्राचार्य झाले नाहीत आणि त्यांच्या थोरवीत त्याने काही उणे आले नाही.

हे शहाणपण बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला सुचले असते काय? आम्हांस शंका आहे. तो ज्येष्ठतेची यादी मागविता. १९०२ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य झाले तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते! दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला, तो मान मिळविणारा पहिला हिंदी माणूस. सरकारी खात्यात मोठ्या पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती. पण शिकून परत आल्यावर सोसायटीत यावयाचे, हा शब्द त्यांनी दिलेला होता. त्यांच्या हाताखाली जे प्राध्यापक आले त्यांत कर्वे होते. वयाने अठरा वर्षांनी वडील, नात्यातले आणि परांजप्यांच्या शिक्षणाची काळजी ज्यांनी वाहिली ते. आमच्या खात्यात अशी नेमणूक झाली असती तर निवेदनांचा पाऊस पडला असता. तेथे कॉलेज चालले, आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ परांजपे त्याच्याशी प्राचार्य म्हणून बांधलेले राहिले. गणिताचा वर्ग त्यांनी सोडला नाही.

मात्र एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल. नुसत्या विद्वानांच्या बळावर ती संस्था उभी राहिली नाही. महादेव बल्लाळ नामजोशी यांच्याजवळ विद्यापीठाची मोठी पदवी नव्हती, पण खटपट होती, ओळखी होत्या, संस्थानिकांच्या दारी जाऊन वर्गणी मिळविण्याची हातोटी होती. टिळक–आगरकरांच्या पुतळ्यांना हार घालताना नामजोशांची आठवण कोणाला होत नाही. असा एक माणूस पाठीशी असल्याशिवाय प्राध्यापकाने संस्था चालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण तो पाठीशी असावा, डोक्यावर नसावा.

पुणे फार दूर राहिले, असे कोणी म्हणेल. मग नागपूरला येऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी रायपूरचे राजकीय माहेर तेच होते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी मूळचे कोकणातले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृतचे विभागप्रमुख होते, पुढे तेथेच प्राचार्य झाले आणि नंतर अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचेही प्राचार्य झाले. आता ऐका. कलचुरी–चेदी संवतातील कोरीव लेखांचा त्यांनी संपादिलेला ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात रतनपूरच्या आणि रायपूरच्या कलचुरी राजांचे लेख आहेत. खल्लारीचा पंधराव्या शतकातला लेख आहे. त्यात देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचे देऊळ बांधल्याची नोंद आहे. आपण ज्या भूमीवर दोन-तीन पिढ्या राहिलो, तिचा जुना इतिहास वाचून देणारा एक मराठी प्राध्यापक होता, आणि त्याने दोन महाविद्यालयांचा कारभारही पाहिला होता. प्राचार्य झाले की विद्या संपते, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा महंत घासीदास संग्रहालयात जाऊन ते शिलालेख डोळ्यांखालून घालावेत आणि मग मिराशींचा ग्रंथ उघडावा.

गणिताचेच दुसरे उदाहरण गणेश सखाराम महाजनी यांचे. १९२९ पासून बरीच वर्षे ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. नंतर राजस्थान विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचेही. परमुलखात जाऊन मराठी माणूस नुसती नोकरी करतो, असे आपल्याला ऐकविले जाते. त्याने परमुलखात विद्यापीठेही मांडून दिली आहेत.

आता आपल्या रायपूरचे. येथे १९३८ साली छत्तीसगढ कॉलेज निघाले. तोवर पुढच्या शिक्षणासाठी येथील मुले नागपूर, जबलपूर अशी दूरदूर जात. माधवराव सप्रे यांच्यासारख्यांनाही शिक्षणासाठी गावोगाव फिरावे लागले होते. ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे आणि १९२६ साली याच शहरात देह ठेवणारे सप्रे आपल्या कॉलेजाचा दिवस पाहू शकले नाहीत. त्या कॉलेजचे संस्थापक प्राचार्य जे. योगानंदम. त्यांच्या कॉलेजाच्या दप्तराचा विचार आमच्या मनात नेहमी येतो. प्रथम नागपूर विद्यापीठ, १९४६ पासून सागर, १९६४ पासून येथले रविशंकर विद्यापीठ: एका पिढीच्या आत तीन विद्यापीठांचे नियम, तीन प्रकारचे अर्ज, तीन ठिकाणचा पत्रव्यवहार!

आणखी एक पाहण्यासारखे आहे. फर्ग्युसन हे मुंबईच्या गव्हर्नराचे नाव. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीनेच १९१९ साली काढले, त्याचेही नाव गव्हर्नराचे. मॉरिस हे मध्यप्रांताच्या चीफ कमिशनराचे. रायपूरच्या कॉलेजाला मात्र आज योगानंदम यांचे, म्हणजे एका प्राचार्याचे, नाव आहे. सत्ताधाऱ्याचे नव्हे, देणगीदाराचेही नव्हे. त्या इमारतीवरून आपण किती वेळा गेलो असू. पाटीकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

जुना काळ वेगळा होता, त्यागाचा होता, आता ते सारे गेले, असा आक्षेप येईल. काळ बदलला हे खरे. मूल्यांकन समिती येते, संगणकावर माहिती भरावी लागते, अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर न गेल्यास पुढचा हप्ता अडतो. तथापि तत्त्व बदललेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आम्ही मुद्दाम वाचले. त्यांत प्राचार्याची मुदत पाच वर्षांची ठेवलेली आहे, काम पाहून आणखी पाच वर्षे वाढविता येते, आणि ती संपली की त्याने प्राध्यापक म्हणून आपल्या मूळ संस्थेत परत जावयाचे आहे. ज्येष्ठ अध्यापकास दोन वर्षांसाठी उपप्राचार्य नेमण्याचीही सोय आहे. म्हणजे आजचा नियमही हेच सांगतो की, ही पाळी आहे. आपली जी मुले अमेरिकेत शिकतात ती सांगतात की, तेथल्या लहान कला महाविद्यालयांतील अधिष्ठाते बहुधा अध्यापकांतूनच येतात आणि मुदत सरली की पुन्हा वर्गावर जातात.

आपल्याकडे अडचण निराळीच आहे. तिचे नाव ‘प्रभारी प्राचार्य’. नियमित नेमणूक होत नाही, म्हणून ज्येष्ठ प्राध्यापकाच्या गळ्यात प्रभार अडकवावयाचा. जबाबदारी पूर्ण, अधिकार अर्धा आणि उद्याची खात्री नाही. असा माणूस नवा विषय सुरू करीत नाही, जुना बंद करीत नाही. सही करतो आणि दिवस मोजतो. आमच्या मित्राला प्राध्यापकांचा कारभार ढिला दिसतो तो पुष्कळदा हा असतो. दोष प्राध्यापकपणाचा नसून टांगणीचा असतो.

एक प्रसंग सांगतो. लेखापरीक्षेसाठी आम्ही एका महाविद्यालयात गेलो होतो; गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्राचार्य हिंदीचे प्राध्यापक. रोकडवही पुढे होती, आमचे प्रश्न चालले होते, इतक्यात घंटा झाली. ते उठले आणि म्हणाले, “साहब, मेरी क्लास है.” आमचे सहायक चिडले. दिल्लीपर्यंत पोहोचणारा अहवाल आम्ही लिहिणार आणि हे गृहस्थ तासाला निघाले! आम्ही पाऊण तास बसून राहिलो. ते परत आले तेव्हा बोटांना खडू होता. आमचा आक्षेप ग्रंथखरेदीविषयी होता: तीन दरपत्रके न मागविता पुस्तके घेतली होती. त्यांनी यादी हातात घेतली आणि कोणते पुस्तक कोणत्या वर्गाला कशासाठी लागले, ते तोंडपाठ सांगितले. अनेक कार्यालयांत लाखोंचे सामान का घेतले, हे सांगणारा माणूस आम्हांला भेटलेला नाही. आक्षेप आम्ही लिहिलाच. नियम तो नियम. परंतु परतीच्या गाडीत आमच्या सहायकांना आम्ही म्हटले की, आपल्यापैकी कोणाला त्या खुर्चीत बसविले असते तर तीन दरपत्रके निश्चित मिळाली असती, आणि पुस्तके बहुधा न वाचली जाणारी आली असती.

या एका फरकासाठी आम्ही आमच्या ज्ञातीच्या विरुद्ध मत देतो. अधिकाऱ्याला पैसा कसा खर्च व्हावा हे कळते. कशासाठी व्हावा, हे मुलांसमोर उभे राहणाऱ्यालाच कळते. कला महाविद्यालयात तर विशेष, कारण तेथे प्रयोगशाळेची यंत्रे मोजून प्रगती दाखविता येत नाही. संस्कृतच्या वर्गात चार मुले असली तर तो वर्ग चालवावा की बंद करावा, हा प्रश्न अधिकाऱ्यापुढे आला तर तो भागाकार करील. आणि मग मिराशी कोठून यावयाचे?

घरच्या दुसऱ्या पक्षाची भीती मात्र उरतेच. हिशेब, आपत्ती, माहिती अधिकाराचे अर्ज, न्यायालयाची नोटीस यांनी सज्जन प्राध्यापकाची झोप उडते. आमच्या अनुभवात महाविद्यालयांवरील बरेच आक्षेप लबाडीमुळे आलेले नसतात, अज्ञानामुळे आलेले असतात. रोकडवही रोजच्या रोज बंद करावी, अग्रिम रक्कम वेळेत समायोजित करावी, साठा नोंदवहीत चढल्याखेरीज देयक पास करू नये, एवढी तीन पथ्ये पाळली तरी निम्मा ताप उतरतो. पण ही पथ्ये त्यांना सांगतो कोण?

या सभागृहात रेल्वेतून, टपालखात्यातून, बँकांतून आणि आमच्या खात्यातून निवृत्त झालेली मंडळी निदान दोन रांगा भरून बसली आहेत. तीस-तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेली ही विद्या आता सुडोकू सोडविण्यात खर्च होत आहे. मंडळाच्या चिटणिसांना आमची अशी विनंती आहे की, दर शनिवारी सायंकाळी पाच ते सात वाचनालयाची मागची खोली मोकळी ठेवावी. आपल्या परिवारातील, किंवा परिवाराबाहेरील, कोणाही प्राध्यापकावर महाविद्यालयाचा कारभार आला असेल तर त्याने आपल्या शंका घेऊन तेथे यावे. कागद संस्थेचे असतात, ते आणू नयेत, शंका आणाव्यात. फी नाही. चहा मंडळाचा.

पहिल्या शनिवारी टेबलाच्या एका बाजूला आम्ही असू. समोरची खुर्ची कोणासाठी ठेवली आहे, हे ज्यांना कळावयाचे त्यांना कळले आहे. आणि त्यांनी संस्थेला उत्तर कळविण्याची मुदत, आम्हांस जी माहिती आहे तीप्रमाणे, त्यानंतरच्या सोमवारी संपते.